सिकलसेल : कळ अंगाची आणि मनाची

पश्चिमेस झाबुआ-अलीराजपूरपासून पूर्वेस शहडोल-अनूपपूरपर्यंत आणि दक्षिणेस विदर्भातील चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत मध्य भारताचा जो आदिवासी पट्टा पसरला आहे, त्यात एक आनुवंशिक रक्तविकार पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून आहे. सौंसर, पांढुर्णा, मुलताई हे मराठी बोलणारे तालुकेही याच पट्ट्यात मोडतात. या विकाराचे 'सिकलसेल' हे इंग्रजी नाव आता खेड्यापाड्यांतून रूढ झाले असून, शाळकरी मुलेही ते सहज उच्चारताना आढळतात. नाव परिचयाचे झाले, रक्ततपासणीही गावापर्यंत पोहोचली. परंतु या रोगासह ज्याला आयुष्य काढावयाचे आहे, त्याच्या मनाचे काय, हा प्रश्न अद्याप पुरेशा गांभीर्याने विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

रोगाची ओळख थोडक्यात अशी. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी निरोगी अवस्थेत गोल, चपट्या आणि लवचिक असतात. सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तातील हिमोग्लोबिनची घडण जन्मतःच सदोष असल्याने प्राणवायू कमी पडताच या पेशी विळ्याप्रमाणे वाकड्या व ताठर होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रक्तक्षय कायमचा मागे लागतो. शिवाय या ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढील भागाचा रक्तपुरवठा खुंटतो आणि हातपाय, पाठ, छाती वा पोटात असह्य वेदना सुरू होतात. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या पेशींचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगाचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवून दिले. भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष १९५२ मध्ये प्रथम आढळला.

शासकीय पातळीवर १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ झाला. ४० वर्षे वयापर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या रोगाचे एक सार्वजनिक आरोग्यसमस्या म्हणून उच्चाटन, अशी उद्दिष्टे तिने समोर ठेवली. औषधांच्या बाबतीतही चित्र पूर्वीइतके निराशाजनक राहिलेले नाही. हायड्रॉक्सीयुरिया या गोळीने वेदनेच्या झटक्यांची संख्या घटते, हे १९९५ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. नागपूर येथील डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी अल्प मात्रेतही तिचा उपयोग आपल्याकडील मुलांना होतो, असे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. २०२३ च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत जनुकीय उपचारांना मान्यता मिळाली खरी, पण त्यांची किंमत ऐकली म्हणजे आपल्या रुग्णांच्या संदर्भात तूर्त त्यांविषयी न बोललेलेच बरे.

तेव्हा रोग आहे, गोळी आहे, आणि तरीही अधूनमधून झटका येणार आहे, ही वस्तुस्थिती धरून रुग्णाला जगावे लागते. मनोपचारांचा संबंध येतो तो या ठिकाणी.

एक गैरसमज

'मनोपचार' हा शब्द उच्चारताच रुग्णाचे आप्त दचकतात. "आमचा मुलगा काही वेडा नाही," हे उत्तर ठरलेले. दुसरा गैरसमज याहून अधिक घातक, आणि तो सुशिक्षितांतही दिसतो. वेदनेवर मनोपचार सुचवला, म्हणजे वेदना मनाचीच होती, अंगात काही नव्हते, असा अर्थ लावला जातो. सिकलसेलच्या रुग्णाला हा अर्थ विशेष झोंबतो, कारण त्याचे दुखणे डोळ्यांना दिसत नाही. हाड मोडलेले नसते, जखम वाहत नसते, पुष्कळदा ताप किंवा सूजही नसते. मुलगा काल शाळेच्या मैदानावर खेळत होता आणि आज गुडघा धरून किंचाळतो आहे. घरचे म्हणतात, शाळा चुकवावयाची आहे. रुग्णालयात तिसऱ्यांदा आलेला तरुण वेदनाशामक इंजेक्शनाचे नाव सांगून ते मागतो, तेव्हा कर्मचाऱ्यांना तो व्यसनी वाटतो. वस्तुतः ज्याने हा अनुभव दहा वेळा घेतला आहे, त्याला कोणत्या औषधाने उतार पडतो हे ठाऊक असणारच. त्याचे हे ज्ञान त्याच्याच विरुद्ध पुरावा म्हणून धरले जावे, ही खेदाची गोष्ट होय.

मनोपचारांच्या मागे वेदना खोटी असल्याचे गृहीत मुळीच नाही. वेदना खरी असते, आणि तिला मनाची बाजूही असते, एवढेच तेथे मानलेले असते. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी वेदनेचा जो सिद्धांत मांडला, तो या संदर्भात समजून घेण्याजोगा आहे. शरीराच्या दुखऱ्या भागातून निघालेला संदेश सरळ मेंदूपर्यंत जातो, असे तोपर्यंत समजले जाई. वाटेत पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूमध्ये जणू एक वेशीचा दरवाजा असतो आणि तो कधी सताड उघडा, तर कधी किलकिला असतो, असे या दोघांनी प्रतिपादन केले. तो किती उघडावा यावर मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही ताबा असतो. भय, एकटेपणा, रात्रीचे जागरण यांनी दरवाजा उघडतो. धीर, अन्यत्र गुंतलेले लक्ष व शिथिल शरीर यांनी तो ओढला जातो. या सिद्धांताच्या तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या, मात्र त्याचा गाभा टिकून राहिला.

वेदनेचे शब्द

याच मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये वेदना मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. रुग्ण आपल्या वेदनेसाठी जे शब्द वापरतात ते गोळा करून त्यांचे त्यांनी वर्ग पाडले. काही शब्द वेदना कशी लागते ते सांगतात, तर काही ती लागल्यावर माणसाचे काय होते ते सांगतात. साहित्याच्या विद्यार्थ्यास ही विभागणी फार मनोवेधक वाटेल, कारण आपली मराठी या दोन्ही वर्गांत सधन आहे. कळ उठते, सणक जाते, चमक भरते, ठणका लागतो, ठसठसते, हाडे फुटतात, आग होते, हे सारे पहिल्या वर्गातील होय. जीव घाबरा होतो, जीव नकोसा होतो, धीर सुटतो, काही सुचेनासे होते, हे दुसऱ्या वर्गातील. पश्चिम आफ्रिकेत तर या रोगाला जी देशी नावे आहेत, त्यांत एकच ध्वनी पुन्हा पुन्हा येतो. घानाचे डॉ. कोनोटे-आहुलू यांनी अशी नावे संग्रहित केली आहेत. गा भाषेतील 'च्वेच्वीच्वे' हे त्यांतील एक. कण्हण्याचा सूर त्या नावातच ऐकू येतो.

मनोपचारांचे कार्यक्षेत्र या दुसऱ्या वर्गात आहे. येथे उपलब्ध पुरावा प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे, कारण शासकीय प्रसिद्धीत अतिशयोक्ती झाली की पुढचे खरेही कोणी मानत नाही. लंडनचे मानसशास्त्रज्ञ कोफी आनी व जॉन ग्रीन यांनी सिकलसेलवरील मनोपचारांच्या सर्व नियंत्रित चाचण्यांचा आढावा घेतला. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या वतीने तो प्रसिद्ध झाला व २०१५ मध्ये अद्ययावत करण्यात आला. कसोटीस उतरणाऱ्या चाचण्या थोड्या आणि त्यांतील रुग्णही थोडे, असे त्यांना दिसून आले. बोधात्मक वर्तनोपचाराच्या एका चाचणीत वेदनेची तीव्रता घटली नाही. वेदनेमुळे होणारी मनाची तडफड मात्र घटली. सार काढावयाचे तर कळ तेवढीच राहिली, पण जीव नकोसा होणे कमी झाले. हे फळ लहान आहे काय? ज्याला आयुष्यात अनेकवार त्या कळेला तोंड द्यावयाचे आहे, तो ते लहान मानणार नाही.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात कॅरेन गिल यांनी १९९० च्या दशकात कृष्णवर्णीय प्रौढ रुग्णांना वेदनेशी सामना करण्याची कौशल्ये थोड्याच बैठकांत शिकवली. त्यांच्या मनात येणारे निराशेचे विचार कमी झाले आणि वेदनेवर काहीतरी उपाय करून पाहण्याची वृत्ती वाढली. पुढे मुलांवर झालेल्या त्यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. दुखण्याच्या दिवशी ज्या मुलांनी शिकलेले तंत्र प्रत्यक्ष वापरले, त्यांना त्या दिवशी दवाखान्याची गरज कमी पडली आणि त्यांची शाळाही कमी बुडाली. ज्या दिवशी वापर केला त्या दिवशी गुण, असा हा हिशेब आहे. म्हणजे हे औषध कपाटात ठेवून चालत नाही. अमेरिकन रक्तविज्ञान संस्थेने २०२० च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत सिकलसेलच्या दीर्घकालीन वेदनेसाठी इतर उपचारांच्या जोडीने बोधात्मक वर्तनोपचार सुचविला आहे. त्या सूचनेचा सूर जपून बोलण्याचा आहे, आणि तो योग्यच आहे.

मनाचा आणि या विळ्याच्या आकाराच्या पेशींचा संबंध मात्र केवळ सोसण्यापुरता नाही. लॉस एंजेलिस येथील बालरुग्णालयाच्या संशोधकांनी काही व्यक्तींना स्मरणशक्तीची कोडी घातली, तसेच आता वेदना होणार अशी पूर्वसूचना दिली आणि त्या वेळी बोटांतील रक्तप्रवाह मोजला. मनावर ताण येताच बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, असे दिसले. हे निरोग्यांतही घडले आणि रुग्णांतही घडले. पण निरोगी माणसाच्या लवचिक पेशी अरुंद वाटेतूनही निसटून जातात. ज्याच्या पेशी ताठर आहेत, त्याच्या बाबतीत तीच अरुंद वाट संकटाला निमंत्रण देऊ शकते. थंडी, तहान, जंतुसंसर्ग व अतिश्रम या झटक्याच्या परिचित कारणांच्या यादीत डॉक्टर मानसिक ताणाचाही समावेश करतात, त्याचा खुलासा यावरून होण्यास मदत होते.

प्रत्यक्षात काय करतात

बोधात्मक वर्तनोपचार हे नाव भारदस्त असले, तरी त्यातील कृती साध्या आहेत. त्याचा पाया अमेरिकेत ॲरन बेक आणि अल्बर्ट एलिस यांनी घातला. एलिस यांची विचारसरणी मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांना परिचित करून दिली असल्याने ती आपणांस सर्वस्वी नवीन नाही. प्रसंग आणि दुःख यांच्या मध्ये आपला विचार उभा असतो, आणि तो तपासता येतो, हे तिचे सूत्र होय.

उपचारक प्रथम रुग्णाचे ऐकून घेतो. नंतर त्याला एक वही ठेवावयास सांगतो. कळ केव्हा आली, आदल्या दिवशी काय घडले होते, किती पाणी प्यायले, झोप झाली होती काय, मनात कोणता विचार आला, याची नोंद. लिहिता न येणाऱ्याने खुणा केल्या तरी चालते. दोन-तीन महिन्यांच्या नोंदींवरून रुग्णाला आपल्या दुखण्याची चाल समजू लागते. नदीत अंघोळ केल्यावर कळ येते, परीक्षेच्या आठवड्यात येते, लग्नाच्या बोलण्याचा दिवस उलटला की येते, असे काही ना काही हाती लागते. ज्याला आपण दैवाचा घाला समजत होतो त्यालाही काही पायवाट असते, हे ध्यानात येणे हाच उपचाराचा निम्मा भाग आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मग विचारांची पाळी येते. कळ सुरू होताच मनात येते, "आता यातून मी उठत नाही." या विचाराने छाती धडधडते, श्वास उथळ होतो, अंग आखडते आणि कळ अधिक जाणवते. "तसे काही होणार नाही" अशी पोकळ समजूत उपचारक घालीत नाही. तो वही उघडावयास लावतो. मागच्या खेपेस काय झाले? चौथ्या दिवशी कळ उतरली होती. त्या वेळी कशाने बरे वाटले? भरपूर पाणी, अंगावर पांघरूण, दुखऱ्या जागेवर उबदार शेक, डॉक्टरांनी दिलेली गोळी. मग या खेपेस तेच क्रमाने करू. बर्फाचा शेक मात्र घ्यावयाचा नाही, थंडीने अपाय होतो. ताप चढला, छातीत दुखू लागले, धाप लागली, शरीराच्या एका बाजूची शक्ती गेली किंवा बोलणे अडखळले, तर घरी न थांबता तडक रुग्णालय गाठावयाचे. 'मी वाचत नाही' या वाक्याची जागा अशी कामांची एक यादी घेते. घाबरलेल्या मनाला हाताला काम मिळाले, की त्याची घालमेल पुष्कळ कमी होते.

शरीर शिथिल करण्याच्या पद्धतीही शिकवल्या जातात. एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एकेक स्नायू क्रमाने आवळून सैल सोडतात. झटका चालू असताना दुखऱ्या अवयवाला असा ताण देऊ नये, तेथे केवळ सैल सोडणे व मंद, खोल श्वास घेणे एवढेच पुरे. आपल्याकडे शवासन ज्याने केले आहे त्याला यात नवे काही शिकावयाचे नाही. त्याखेरीज डोळे मिटून एखादे सुखकर स्थळ मनासमोर आणणे, मुलांना गोष्टीत वा गाण्यात गुंतविणे, हेही याच वर्गातले उपाय. आजीबाई रडत्या नातवाला मांडीवर घेऊन चिऊकाऊची गोष्ट सांगत, त्याचे शास्त्र आता लिहिले जात आहे.

यांतील कोणताही उपाय हायड्रॉक्सीयुरियाच्या, वेदनाशामकाच्या किंवा रक्त देण्याच्या ऐवजी नाही, हे पुनश्च बजावून सांगणे अवश्य आहे. उलट मन खचलेला रुग्ण गोळ्या घेणे सोडतो, पाणी पिण्याचा कंटाळा करतो, तपासणीस जात नाही. त्याचे मन सावरले तर औषधेही वेळेवर पोटात जातात.

शाळा, घर आणि लग्न

मुलांच्या बाबतीत शिक्षकवर्गाने एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावयास हवी. या रोगात मेंदूतील लहान रक्तवाहिन्या बंद होऊन बाहेरून काहीही लक्षण न दिसता मेंदूला इजा होऊ शकते. अमेरिकेत सिकलसेल ॲनिमियाच्या मुलांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक मुलांमध्ये वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत अशी मूक इजा आढळली. तिच्यामुळे लक्ष लागत नाही आणि पाठांतर टिकत नाही. तेव्हा जो मुलगा 'आळशी' म्हणून मागच्या बाकावर बसविला जातो, त्याला कदाचित छडीपेक्षा तपासणीची गरज असेल. वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू देणे, लघवीस जाण्याची मुभा देणे, थंडीच्या दिवसांत अंगावर उबदार कपडे राहू देणे, या गोष्टींना पैसा लागत नाही. खेळातून मुलाला सर्वस्वी वगळणे मात्र चुकीचे. दमला की बसण्याची परवानगी असावी, म्हणजे झाले.

घरात दोष बहुधा आईच्या माथी येतो. शास्त्र तसे सांगत नाही. मुलाला रोग होण्यासाठी सदोष जनुक आई व बाप या दोघांकडूनही यावे लागते. दोघेही केवळ वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणी मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः सहसा आजारी नसतो. मोहिमेअंतर्गत तपासणी झालेल्यांना जी पत्रके दिली जातात, त्यांचा हेतू विवाहापूर्वी दोन्ही बाजूंनी विचार करता यावा, हा आहे. परंतु खेड्यात या पत्रकाचा दुसराच परिणाम होण्याची भीती असते. पत्रकावर 'वाहक' असे पाहिले की मुलीचे लग्न जमत नाही, म्हणून घरचे ते लपवून ठेवतात. पत्रक हातात देताना दहा मिनिटे बसून बोलणे हे पत्रकाइतकेच महत्त्वाचे आहे. समुपदेशन म्हणतात ते याच दहा मिनिटांना, आणि घाईच्या शिबिरात नेमकी तीच गाळली जातात.

हे कोणी करावयाचे?

प्रशिक्षित चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आपल्याकडे थोडे आहेत आणि ते मोठ्या शहरांत आहेत. बडवानी किंवा डिंडोरीच्या रुग्णाने त्यांच्यापर्यंत दर आठवड्याला यावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. शिवाय हा उपचार बोलण्याचा आहे, आणि बोलणे आपल्या भाषेत व्हावयास हवे. भिली, गोंडी किंवा कोरकू बोलणारी आई आपल्या मुलाची कळ परक्या भाषेत किती सांगू शकेल? "शून्य ते दहापैकी वेदना किती?" हा कागदावरचा प्रश्न अक्षरशत्रू माणसाला पुष्कळदा उमगत नाही. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रे दाखवून विचारले तर मूलही बोट ठेवते. यास्तव परिचारिका, आशा कार्यकर्ती आणि आश्रमशाळेतील शिक्षक यांनाच शिथिलीकरण, वेदनेची वही आणि ऐकून घेण्याची रीत शिकवणे, हाच प्रस्तुत लेखकाला अधिक खात्रीचा मार्ग वाटतो. ज्याच्या दुखण्यावर प्रथम विश्वास ठेवला गेला, तोच पुढे विचार तपासावयास तयार होतो. विश्वास न ठेवता शिकवलेले शिथिलीकरण रुग्णाला टोलवाटोलवीच वाटणार.

ज्यांना आज मदत हवी आहे त्यांच्यासाठी काही माहिती. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय केली जाते, त्याची चौकशी करावी. भारत सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि अनेक भारतीय भाषांत समुपदेशन मिळते. मरणाचे विचार मनात येत असतील, तर क्षणाचाही विलंब न लावता या क्रमांकावर बोलावे आणि घरातील कोणास तरी सांगावे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया व सिकलसेल या तिन्ही रक्तविकारांचा समावेश आहे. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास शासकीय व अनुदानित संस्थांतील उच्च शिक्षणाच्या किमान ५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. प्रमाणपत्रासाठी जाताना जुने रक्ततपासणीचे कागद, रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी आणि असल्यास वेदनेची वही बरोबर न्यावी.